मिस्त्रीच्या झोपेचा हिशेब

पार्श्वभूमी

राजस्थानातील एका चार दिवसांच्या क्रॉस-कंट्री रॅलीसाठी नागपूरहून गेलेल्या चौघांच्या संघाचे हे प्रकरण आहे. त्या चौघांपैकी एक मी होतो. स्पर्धेचे नाव, वर्ष आणि संघातील कोणाचेही नाव येथे दिलेले नाही. बाकी तिघांनी हा मजकूर वाचून संमती दिली असून दोन ठिकाणी माझ्या आठवणीतील चुका त्यांनी दुरुस्त केल्या आहेत.

चालकाचे नागपुरात सुट्या भागांचे दुकान आहे आणि आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणतो. नेव्हिगेटर, म्हणजे चालकाशेजारी बसून वाट सांगणारे, भूमापनाच्या कामातले. प्रत्येक गोष्टीची वेळ वहीत टिपून ठेवण्याची त्यांची सवय या प्रकरणाच्या पुनर्रचनेत फार उपयोगी पडली. त्यांना सर म्हणतात. तिसरा मिस्त्री, ज्याचे हिंगणा मार्गावर छोटे गॅरेज आहे. चौथा मी, म्हणजे सर्व्हिसची पिकअप, पैशांचा हिशेब, कागदपत्रे, पाणी आणि जेवण यांची जबाबदारी असलेला माणूस. मिस्त्री आणि मी मिळून पिकअप चालवणार, असे ठरले होते. पाचवा माणूस नव्हता.

गाडी जुनी जिप्सी होती. १.३ लिटरचे इंजिन, पुढे आणि मागे दोन्हीकडे पाट्यांची स्प्रिंग, गरजेप्रमाणे जोडता येणारा फोर-व्हील ड्राइव्ह आणि ४० लिटरची टाकी. वेगाने नव्हे, तर हलके वजन आणि साध्या हत्यारांनी उघडता येणारी रचना यांमुळे ही गाडी भारतातील रॅलींत अनेक वर्षे टिकली, आणि छोट्या संघाला हेच परवडते. तिची टाकी मात्र वाळवंटात अपुरी पडते. सैल वाळूत आमच्या गाडीचे पेट्रोल डांबरी रस्त्याच्या तुलनेत जवळपास दुप्पट वेगाने संपत होते, म्हणून मागे जादा टाकी बसवावी लागली आणि तेवढे वजन मागच्या पाट्यांवर वाढले.

सराव कुठे करायचा, हा नागपूरकरांपुढचा पहिलाच प्रश्न असतो. आमच्याकडे काळी माती आहे, खडक आहे, उन्हाळ्यातले पंचेचाळीस अंशांचे ऊन आहे. वाळूचे टेकाड नाही. कन्हानच्या पात्रातील वाळूवर आम्ही थोडा सराव केला, पण नदीची वाळू जाड आणि कोनदार असते, तर थरच्या वाळवंटातील वाळू वाऱ्याने चाळून बारीक आणि गोलसर झालेली असते, त्यामुळे ती चाकाखालून पाण्यासारखी सरकते. शिवाय काळ्या चिखलात चाक जोराने फिरवले की टायरच्या खाचांतला चिखल उडून पकड परत येते, आणि विदर्भात शिकलेल्या प्रत्येक चालकाच्या पायात ती सवय मुरलेली असते. वाळूत तेच केले तर गाडी काही सेकंदांत पोटावर बसते. ही सवय मोडण्यासाठी भाऊंनी मनापासून मेहनत घेतली. टायरमधील हवा पंधरा पौंडांपर्यंत उतरवून, टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबवून, एकसारख्या जोरावर गाडी काढणे त्यांना चांगले जमू लागले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले ते चालकाच्या अकौशल्यामुळे घडले, असा समज स्पर्धेनंतर काही जणांनी करून घेतला होता आणि तो खरा नाही.

सामान भरतानाचा निर्णय

निघण्याच्या आदल्या रात्री पिकअपमध्ये सामान मावत नव्हते. जादा गिअरबॉक्स न्यायचा की एक घडीची खाट, गाद्या आणि जाड ताडपत्रीचा आडोसा न्यायचा, असा प्रश्न उभा राहिला. कोणीही फार विचार केला नाही. गिअरबॉक्स चढला, खाट उतरली. गिअरबॉक्स फुटला तर स्पर्धा संपते आणि झोप तर कुठेही काढता येते, हे मीच म्हटले होते, आणि ते माझ्या नावावर नोंदलेले राहावे असे मला वाटते. तो गिअरबॉक्स चारही दिवस दोरीत बांधलेलाच राहिला.

सुट्या भागांची यादी करतानाही अशीच एक गफलत झाली होती, जी तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. काय तुटू शकते, या प्रश्नावर ती यादी बेतलेली होती. त्यामुळे मागच्या स्प्रिंगचा एक पूर्ण संच, शॉक अॅब्सॉर्बर, क्लच प्लेट, बेअरिंग असे सगळे तिच्यात होते. पण उघडल्यावर पुन्हा वापरू नये असे भागही असतात, आणि स्प्रिंगचे पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट त्यांतले एक. ताण घेऊन ते किंचित लांबलेले असतात, म्हणून पाटे उघडले की यू-बोल्ट नवे घालावेत आणि थोडे अंतर चालल्यावर ते पुन्हा आवळावेत, हे कोणताही चांगला मिस्त्री जाणतो. ज्या दुकानातून यादी भरली गेली, त्याच दुकानात ते यू-बोल्ट भिंतीला टांगलेले होते आणि त्यांची किंमत किरकोळ होती.

भाड्याचे पैसे वाचवण्यासाठी जिप्सी ट्रकवर न चढवता आम्ही रस्त्यानेच चालवत नेली. बिकानेरला पोहोचेपर्यंत दोन रात्री गेल्या आणि चौघेही थकले होते. मिस्त्री सर्वांत जास्त थकला होता, कारण वाटेत दोनदा गाडीखाली जावे लागले, ते त्यालाच.

समस्या

पहिला दिवस बिकानेरच्या आसपास बरा गेला. दुसऱ्या दिवशी मार्ग जैसलमेरकडे होता. अशा स्पर्धेत चालकापुढे रस्ता नसतो. नेव्हिगेटरच्या हातात रोडबुक असते, त्यात प्रत्येक वळणाचे ट्यूलिप पद्धतीचे छोटे चित्र, तिथवरचे अंतर आणि जिथे वाटच नाही तिथे कंपासचे अंश दिलेले असतात. ट्रिपमीटरवरचे, म्हणजे गाडीने कापलेले, अंतर आणि अंश जुळवत जायचे. दुपारी सूर्य डोक्यावर आला की वाळूवर सावली उरत नाही, आणि उंचवटा कुठे, खड्डा कुठे हे डोळ्यांना कळेनासे होते. त्याच वेळी मार्ग सेवण गवताच्या पट्ट्यातून गेला. या गवताच्या प्रत्येक बुंध्याभोवती वाळू साठून टणक गोळा तयार होतो. असे गोळे एकामागून एक, कित्येक किलोमीटर लागतात आणि गाडीच्या पाट्यांवर घणाचे घाव पडत राहतात.

जिप्सी रात्री दहाच्या सुमारास जैसलमेरच्या तळावर आली तेव्हा मागची डावी बाजू खाली बसलेली होती. मेन पाटा तुटला होता आणि त्याच बाजूच्या शॉकमधून तेल गळत होते. गाडी धुतल्यावर उजव्या बाजूच्या दुसऱ्या पाट्यालाही चीर दिसली. आमच्याकडे जादा संच एकच होता. म्हणजे दोन्ही बाजू उघडून, तिन्ही संचांतले चांगले पाटे निवडून, त्यांतून दोन नवे संच बांधावे लागणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी आमची सुटण्याची वेळ होती.

कागदावरची समस्या एवढीच होती, आणि त्या रात्री आम्ही तिचा एवढाच विचार केला. तिची दुसरी बाजू सरांच्या वहीत होती. त्या वहीवरून नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसले की नागपूर सोडल्यापासूनच्या चार रात्रींत मिस्त्री मिळून सुमारे सतरा तास झोपला होता. भाऊ आणि सर गाडीत बसत असल्यामुळे त्यांच्या झोपेची काळजी सर्वांना होती. नऊ वाजले की कोणी ना कोणी त्यांना झोपायला पिटाळत असे. मिस्त्रीला कोणी पिटाळले नाही. मी स्वतः दिवसभर बिकानेर ते जैसलमेर हे सव्वातीनशे किलोमीटरचे अंतर पिकअप चालवून आलो होतो आणि शॉकसाठी योग्य रबरी बुश शोधत रात्री गावात फिरत होतो.

विचारात घेतलेले पर्याय

पत्र्याच्या शेडखाली, बॅटरीच्या दिव्यात, साधारण अकरा वाजता आम्ही चौघे बसलो. बोलणे वीस मिनिटांच्या वर चालले नाही.

पहिला पर्याय दोन्ही बाजू उघडून पूर्ण दुरुस्ती करण्याचा होता. मिस्त्रीच्या अंदाजाने त्याला पाच तास लागणार होते. दुसरा पर्याय फक्त डावी बाजू जादा संचाने बदलून, उजवी तशीच ठेवून सावकाश जाण्याचा. त्याला दीड-दोन तास पुरले असते, पण तिसऱ्या दिवसाचा मार्ग टेकाडांचा होता आणि चीर पडलेला पाटा तिथे टिकेल, असे कोणी छातीठोकपणे सांगेना. गावातील एखाद्या ट्रकच्या गॅरेजला काम देण्याचाही विचार निघाला. त्या वेळी उघडे गॅरेज मिळणे कठीण होते, आणि खरे सांगायचे तर आपल्या गाडीला बाहेरचा हात लागू नये असा मिस्त्रीचा आग्रह होता. माघार घेण्याचा शब्द भाऊंनी एकदा उच्चारला आणि लगेच मागे घेतला. बाजारातल्या शेजाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना पाठवले होते. गाडीच्या दारावर नागपूरचे नाव होते.

आणखी एक पर्याय सरांनी मांडला होता. स्पर्धेच्या नियमांनुसार एखाद्या दिवसाचा टप्पा न धावता, ठरावीक दंडाची मिनिटे स्वीकारून, पुढल्या दिवशी पुन्हा सुरुवात करता येत होती. म्हणजे रात्री सगळ्यांनी झोपायचे, सकाळी उजेडात दुरुस्ती करायची, गाडी रस्त्याने जोधपूरला न्यायची आणि चौथ्या दिवशी शर्यतीत उतरायचे. सरांनी हे सांगितले, पण दंड धरून आपण कितव्या क्रमांकावर राहू, हे कोणी मोजले नाही. दंड हा शब्दच हरल्यासारखा वाटला आणि तो पर्याय बोलता बोलता विरून गेला. घरी परतल्यावर निकालपत्र समोर ठेवून आम्ही तो हिशेब केला, तेव्हा कळले की आमच्या वर्गातील बऱ्याच गाड्या तिसऱ्या दिवशीच बाद झाल्या होत्या आणि तो दंड घेऊनही आम्ही वर्गवारीत राहिलो असतो. रात्री अकरा वाजता थकलेल्या माणसांना हे गणित सुचत नाही. ते नागपुरातच, शांत डोक्याने, कोष्टक करून बरोबर न्यायला हवे होते.

शेवटी भाऊंनी मिस्त्रीला विचारले, "होईल का?" तो म्हणाला, "होऊन जाईन न भाऊ. तुम्ही झोपा."

त्या उत्तरावर निर्णय झाला. मी या संवादाकडे पुन्हा पुन्हा परत जातो. आमच्या भागातला कसबी माणूस "होईल का" या प्रश्नाला नाही म्हणत नाही, कारण तो प्रश्न त्याच्या हातातल्या कलेबद्दल असतो. काम खरोखरच होणार होते. काम झाल्यावर त्या माणसात किती शिल्लक राहील आणि ते उरलेले आपल्याला उद्या कशाकशासाठी लागणार आहे, हे विचारायचे राहिले.

केलेली कृती

मिस्त्रीने एकट्याने काम केले. दोन वाजेपर्यंत मी दिवा धरला, हत्यारे दिली, मग त्यानेच मला झोपायला पाठवले. वाळूत जॅक रुतू नये म्हणून खाली फळी, तिच्यावर जॅक. पाटे सोडवणे, घासणे, चीर तपासणे, लांबीप्रमाणे लावणे, पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा नवा सेंटर बोल्ट घालणे. पहाटे तिथे बोचरी थंडी असते आणि लोखंड हाताला चिकटल्यासारखे होते. यू-बोल्ट जुनेच वापरले, कारण नवे नव्हते. साडेचारच्या सुमारास गाडी चाकांवर उभी राहिली. डावी बाजू टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळल्याचे त्याला स्पष्ट आठवते. उजवी बाजू शेवटी रेंचने आवळली की नुसत्या पान्याने, हे त्याला तेव्हाही सांगता आले नाही आणि आजही सांगता येत नाही.

सकाळी सुटण्याच्या गडबडीत त्याने भाऊंना "गाडी तयार आहे" एवढेच सांगितले. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, हे सांगायचे राहिले. विचारायचे आमच्याकडूनही राहिले. टप्प्यात अडतीस किलोमीटरवर पेट्रोल भरण्यासाठी पंधरा मिनिटांचा सक्तीचा थांबा होता. गाडीत योग्य मापाचा पाना होता. भाऊंना तो वापरता येतो. आठ नट आवळायला पाच मिनिटे पुरली असती. सर त्या थांब्यात पुढच्या टप्प्याचे अंश तपासत होते आणि भाऊंनी काच पुसली.

तिसरा दिवस

थांब्यानंतर टेकाडे सुरू झाली. ब्रेक दाबला की मागून एक बारीक टक असा आवाज येतो, हे भाऊंना जाणवले होते, पण जुन्या जिप्सीत आवाजांची कमी नसते. एकाहत्तराव्या किलोमीटरवर एका टेकाडाचा माथा ओलांडून उतरताना उजवीकडचे सैल झालेले यू-बोल्ट सरकले, सगळा भार एकट्या सेंटर बोल्टवर आला, तो कापला गेला आणि मागचा अॅक्सल त्या बाजूने मागे सरकला. चाक बॉडीला घासून अडकले. गाडी तिरकी होऊन, माथ्यापलीकडे जेमतेम वीस फुटांवर, थांबली.

ही जागा फार धोक्याची असते. नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे थरमधील टेकाडांची ईशान्य बाजू साधारणपणे तीव्र उताराची असते, आणि मागून येणाऱ्या चालकाला माथ्यावर येईपर्यंत पलीकडे काय आहे ते दिसत नाही. सरांनी क्षणभरही न दवडता माथ्यावर धाव घेतली आणि ते लाल कापड घेऊन उभे राहिले. पुढच्या अर्ध्या तासात तीन गाड्या त्या माथ्यावरून आल्या आणि तिन्ही बाजूने वळल्या. या प्रकरणातील सर्वांत योग्य आणि सर्वांत तत्पर निर्णय कोणता, असे मला विचारले तर मी हाच सांगेन.

त्यानंतर दोघांपुढे प्रश्न होता, थांबायचे की चालायचे. सहा-सात किलोमीटरवर एक ढाणी, म्हणजे छोटी वस्ती, दिसत होती. मोबाइलला रेंज नव्हती. उपग्रह फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळे परदेशातील संघांकडे असणारे हे साधन आमच्यासारख्यांकडे नसते आणि सगळी भिस्त आयोजकांच्या ट्रॅकरवर व शोधपथकावर राहते. दोघांकडे मिळून आठ लिटर पाणी होते. ते गाडीजवळ थांबले. १९८२ च्या पॅरिस-डाकार रॅलीत तत्कालीन ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क सहाराच्या अल्जेरियातील भागात सहा दिवस बेपत्ता होता आणि विमानांनी शोध घेतल्यावर गाडीसह सापडला, ही हकिकत सरांनी सरावाच्या दिवसांत आम्हाला सांगितली होती. चालत निघालेला माणूस आकाशातून ठिपक्याएवढाही दिसत नाही, गाडी दिसते. शोधपथक पाच तासांनी पोहोचले तेव्हा दोघे गाडीच्या सावलीत बसले होते आणि निम्मे पाणी शिल्लक होते.

मी आणि मिस्त्री त्या वेळी कुठे होतो, हा या प्रकरणाचा माझ्या मते मुख्य भाग आहे. सामान आवरून आम्ही सव्वासात वाजता पिकअपने जोधपूरकडे निघालो होतो, कारण संध्याकाळी गाडी तिथे पोहोचणार होती. मी तीन तास झोपलो होतो, तो अजिबात नाही. "गाडी मी घेतो, तू झोप" असे त्याने म्हटले आणि मी ऐकले. जैसलमेरपासून एकशे दहा किलोमीटरवर पोखरण लागते. ते मागे टाकल्यावर थोड्याच वेळात त्याचा डोळा लागला. पिकअप रस्ता सोडून खाली उतरली, रुईच्या झुडपांतून गेली आणि वाळूत रुतून थांबली. मला जाग आली ती छातीवर पट्टा आवळल्याने. एक आरसा आणि एक टायर गेला. दोघांना खरचटलेसुद्धा नाही. समोरून येणारा ट्रक आम्ही रस्त्याखाली गेल्यावर काही सेकंदांनी गेला.

वेळा जुळवल्यावर कळले की सर माथ्यावर कापड घेऊन उभे असतानाच हे घडले. सगळ्यांच्या मनात धोका टेकाडांवर होता आणि त्यासाठी हेल्मेट, गाडीतला लोखंडी पिंजरा, हार्नेस, ट्रॅकर अशी सगळी तयारी होती. सरळसोट डांबरी रस्त्यासाठी आमच्याकडे काहीही तयारी नव्हती.

परिणाम

जवळच्या ढाब्यावरच्या खाटांवर आम्ही दोघे अडीच तास झोपलो. जाग आल्यावर आयोजकांचा फोन आला आणि आम्ही परत फिरलो. जिप्सी रात्री टेकाडांतून बाहेर काढली. स्पर्धा आमच्यापुरती तिथे संपली. चौथ्या दिवशी सुरुवात करण्याची मुभा अजूनही होती, आणि भाऊंनी या वेळी एका वाक्यात नाही म्हटले. दोन दिवस जोधपूरला नुसती विश्रांती घेतली. परतताना जिप्सी ट्रकवर घातली. जाताना वाचवलेले भाडे येताना दिले.

वर्गणीदारांना भेटून भाऊंनी सगळी हकिकत सांगितली, पिकअपची घटनाही लपवली नाही. त्यांच्या घरच्यांना त्या घटनेचाच अधिक धक्का बसला. मिस्त्री महिनाभर कोणाशी नीट बोलला नाही. बोल्ट आपल्याकडून सैल राहिला, हे त्याच्या मनातून जात नव्हते, आणि तो दोष त्याच्या एकट्याचा नाही हे आम्ही कितीही सांगितले तरी त्याला ते समजूत काढल्यासारखे वाटत होते. अखेर सरांनी त्याला वही दाखवली. सतरा तास हा आकडा त्याने स्वतः दोनदा मोजला.

वेगळे काय करता आले असते

सरांचे मत असे की मूळ चूक दुसऱ्या दुपारी झाली. सेवणच्या पट्ट्यात वेग आणखी कमी ठेवला असता तर पाटा तुटलाच नसता, आणि पुढचे काही घडलेच नसते. भाऊंना हे मान्य आहे. मला अर्धेच मान्य आहे, कारण वाळवंटात काही ना काही तुटतेच. ते तुटल्यावर संघ कसा वागतो, हे आधी ठरवून ठेवणे आपल्या हातात असते.

मोठ्या संघात एका गाडीमागे अनेक मिस्त्री पाळीपाळीने काम करतात आणि ट्रक चालवणारी माणसे वेगळी असतात. लहान संघ मोठ्या संघाची वेळापत्रके उचलतो आणि ती चार माणसांवर लादतो, तिथे घोटाळा सुरू होतो. त्याने पाहायला हवे ते त्याहूनही लहान असलेल्यांकडे. डाकार रॅलीत कोणत्याही मदतनिसाशिवाय धावणाऱ्या दुचाकीस्वारांचा एक वेगळा वर्ग आहे, ज्याला पूर्वापार ‘माल मोटो’ म्हणतात. स्वाराची सामानाची पेटी आयोजक पुढच्या तळावर पोहोचवतात आणि दुरुस्ती त्याने एकट्याने करायची असते. तिथे पाना धरणारा हात आणि दुसऱ्या दिवशी हँडल धरणारा हात एकच असतो, म्हणून रात्रीचा प्रत्येक तास दुरुस्तीला द्यायचा की झोपेला, हे त्याला रोज ठरवावेच लागते. आमच्याकडे पाना धरणारा हात एकाचा आणि हँडल धरणारा दुसऱ्याचा, असे आम्ही समजत होतो. पिकअपचे हँडल आम्ही मोजलेच नव्हते.

पिकअपसाठी बिकानेरहून चार दिवसांकरिता एक स्थानिक चालक घेता आला असता. त्याचा रोज आणि जेवण धरून तो खर्च गिअरबॉक्सच्या निम्माही झाला नसता, आणि रस्ते, ढाबे, गॅरेजे यांची माहिती असलेला माणूस मिळाला असता. पुढच्या वेळी हे पहिले काम असेल. रात्री बारानंतर हत्यार हातात धरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कोणतेही वाहन चालवणार नाही, हा नियमही चौघांनी लिहून ठेवला आहे. त्यासाठी एखादा टप्पा सोडावा लागला तर दंड किती आणि क्रमांक कुठे, याचे कोष्टक सर नियमपुस्तिका हाती येताच तयार करणार आहेत.

दुरुस्तीनंतरच्या चिठ्ठीची सवय मिस्त्रीने स्वतःच्या गॅरेजमध्ये आताच सुरू केली आहे. काय उघडले, काय जुने वापरले, काय किती किलोमीटरनंतर तपासायचे, अशा तीन ओळी लिहून तो गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवतो. गिऱ्हाइकांना हे नवे वाटते, पण काही जण ठरल्या अंतरावर खरेच परत येतात.

मी वर म्हटले की आम्ही चुकीचा प्रश्न विचारला. यावर मिस्त्रीचे मत वेगळे आहे आणि त्याने ते मजकूर वाचताना स्पष्ट सांगितले: "मले त्या रात्री झोप पायजे का म्हणून विचारलं असतं, तरी मी नाहीच म्हटलं असतं. मले विचारूच नका. सरळ सांगा, आता पाना खाली ठेव." त्यामुळे तो निर्णय आता सरांकडे दिला आहे, कारण वही त्यांच्याकडे असते. मिस्त्रीचे त्या दिवशीचे तास पाहून ते पाना खाली ठेवायला सांगतील आणि त्यावर चर्चा होणार नाही.

पुढच्या हिवाळ्यासाठी सामानाची नवी यादी या वेळी मिस्त्रीने केली आहे. गिअरबॉक्स तिच्यात नाही. यू-बोल्टचे दोन संच आहेत, आणि त्यांच्याही वर, पहिल्या ओळीत, घडीची खाट आहे.